गुरुवारची सतरंजी

महाळुंग्यात रविवार नसतो. कॅलेंडरात असतो, पण कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, त्यामुळे सगळ्या चाळीचे कपडे गुरुवारीच दोरीवर येतात आणि गुरुवारीच नवरे दुपारपर्यंत झोपतात. त्यात गुरुवारी निम्म्या चाळीचा उपास. म्हणजे मटण आणायचा दिवस हाताशी येतो तोच नेमका वाराचा निघतो, ही इथल्या पुरुषांची कायमची तक्रार. माझ्या घरी तक्रार करायला पुरुष नव्हता. माझ्या खोलीत गुरुवारी सकाळी आठ वाजता गट बसायचा.

गट म्हणजे बचत गट असं बाहेरच्यांना वाटायचं. आम्ही नुसतं गट म्हणायचो, कारण बचत त्यात काहीच नव्हती. एक फायनान्सवाली कंपनी पाच बायकांना कर्ज द्यायची. सोनं नको, सातबारा नको, फक्त पाचजणींनी एकमेकींना जामीन राहायचं. दर आठवड्याला कंपनीचा साहेब मोटरसायकलवर येणार, माझ्या एकुलत्या एक खुर्चीवर बसणार, आम्ही पाचजणी खाली सतरंजीवर. आधी उभं राहून प्रतिज्ञा म्हणायची, की आम्ही हप्ता वेळेवर भरू आणि एकमेकींना साथ देऊ. शाळेतली प्रतिज्ञा मी आता अर्धी विसरले आहे, ही मात्र सरणावरही म्हणून दाखवीन. मग प्रत्येकीनं आपापला हप्ता सतरंजीवर ठेवायचा. आणि पाचही हप्ते आल्याशिवाय एकीनंही उठायचं नाही. हा त्यातला खरा नियम. बाकी सगळी सजावट.

गट माझ्याकडे बसायचा कारण माझी खोली रिकामी होती. लाथा झाडत झोपलेला नवरा नाही, अभ्यास करणारं मूल नाही. मूलबाळ आम्हाला झालंच नाही, आणि नवरा होता तो गेला.

गेला म्हणजे मेला नाही. लग्नानंतर आम्ही मराठवाड्यातून इकडे आलो, तेव्हा तो दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर होता. एका कंपनीतून माल उचलायचा, दुसरीत टाकायचा. पण राव, स्वप्न मालक व्हायचं! एके दिवशी म्हणाला, "पहिला भरणा तेवढा गोळा करायचा आहे. तू नुसती सही कर, हप्ता मी भरतो." मी या गटात सही केली. तेवढ्यानं भागेना म्हणून पुढच्या गल्लीतल्या दोन गटांत केली. टेम्पो आला. मी त्याला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, पेढे वाटले. वर्ष-दीड वर्ष बरं चाललं. मग माल कमी झाला, टेम्पो नुसता उभा राहायला लागला, एका गटाचा हप्ता दुसऱ्या गटाच्या पैशातून जायला लागला. याची टोपी त्याच्या डोक्यावर. शेवटी तो म्हणाला, "दोन दिवस गावाकडं जाऊन येतो."

ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत. फोन आधी वाजायचा, मग बंद लागायला लागला, मग एक बाई गोड आवाजात सांगायला लागली की हा नंबर अस्तित्वात नाही. टेम्पोवर कर्ज देणाऱ्यांनी टेम्पो ओढून नेला. कोणीतरी त्याला सुरतेत पाहिलं म्हणे. सुरतेत तर सुरतेत. तिथेही सही करणारी कोणीतरी भेटली असेल.

तो गेल्यानंतरचा पहिला गुरुवार मला नीट आठवतो. चार हप्ते सतरंजीवर आले आणि माझ्यापुढची जागा रिकामी. आमच्या गटाची प्रमुख होती घरमालकीण. तिला सगळे वहिनी म्हणायचे. मूळची इथलीच, शेतकऱ्याची सून. जमीन कंपनीला गेली, पैसा आला, त्या पैशात दोन पोरींची लग्नं झाली, एक मोठी गाडी आली, आणि आता गाडीच्या डिझेलसाठी वहिनीच गटात बसत होती. पण आवाज मात्र अजून दहा एकर वाहत असल्यासारखा.

"आगं, न्हाई म्हंजी काय? आमी काय हितं भजन कराय बसलोय व्हय?"

मी मान खाली घालून सतरंजीच्या पट्ट्या बघत बसले. साहेब घड्याळ बघत होता. मागच्या खोलीतल्या दोघी जावा आमच्या गटात होत्या, त्या आपसात कुजबुजत होत्या की भात तसाच चुलीवर आहे. ऊन दारातून आत आलं, सतरंजीवर चढलं, तरी कोणी उठेना. वहिनीनं माझ्या नवऱ्याच्या सात पिढ्या काढल्या, मग माझ्या काढल्या. मला वाटत होतं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, पण खाली फरशी होती.

शेवटी माझ्या शेजारची उठली. ही माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, मला मावशी म्हणायची. चाकणच्या कंपन्यांत काम करणारी एकटी पोरं भिंतीपलीकडे तिच्या खोलीवर जेवायची. तिची मेस होती, म्हणजे एक पोळपाट आणि दोन हात. ती घरी गेली, डाळीच्या डब्यातून नोटा आणल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. सिलिंडरचे पैसे होते ते. गॅस संपायला आला होता. पुढचे कितीतरी दिवस ती चाळीच्या मागे तीन दगड मांडून लाकडावर पोळ्या भाजत होती, आणि डोळे लाल करून धुरातून मला म्हणायची, "मावशी, पोरं म्हणतात चुलीवरची चव काही औरच. भाव वाढवू का?"

त्याच दिवशी संध्याकाळी वहिनी भाकरी आणि आमटी घेऊन आली. ताट आपटून ठेवलं. "खा. उपाशी मेलीस तर हप्ता आमच्याच बोकांडी बसंल." मी रडत रडत जेवले. आमटी फार तिखट होती, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

त्यानंतर मी कामाला लागले. महाळुंग्यातच एका रबराच्या कंपनीत ठेकेदाराकडून. साच्यातून निघालेल्या रबरी भागाच्या कडेला जादा रबर राहतं, ते ब्लेडनं कापायचं. गाडीच्या कुठल्या कोपऱ्यात ते जातं, देव जाणे. दिवसभर मान खाली, बोटांना चिकटपट्ट्या, नाकात रबराचा वास. ओव्हरटाइम मिळाला की मी नाही म्हणत नसे. शेअर रिक्षा सोडली, चालत जायला लागले. टपरीवरचा चहा सोडला, आणि चहाबरोबर चहाच्या मैत्रिणीही सुटल्या. कारण रोज कोणी पाजणार नाही आणि रोज पाजून घ्यायची मला लाज. लग्नांना जाणं बंद केलं. आहेराशिवाय जायचं कसं? एका लग्नाला गेलं नाही की दुसऱ्याचं बोलावणं येत नाही, दोन-तीन वर्षांत माणूस आपोआप यादीतून निघून जातं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं तर वेगळंच. पहिल्या वर्षी बोलावणं आलं, पण कुंकू लावताना बाईचा हात जरासा थबकला. मी सवाष्ण की काय, हे कोणालाच ठरवता येत नव्हतं. मलाही येत नव्हतं. पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही, तर मी म्हटलं, बरं झालं, त्यांना परत बोलावून वाण द्यायचा खर्च वाचला. असं मी मोठ्यानं म्हटलं. खोलीत कोणी नव्हतं.

एकटं राहण्याची एक गंमत सांगते. सुरुवातीला माणूस स्वतःशी बोलतं, मग भांड्यांशी बोलतं, आणि मग बोलणंच विसरतं. बुधवारी संध्याकाळी कामावरून आले की कधीकधी लक्षात यायचं, आज "बाजूला सरका" यापलीकडे मी तोंडातून शब्दच काढला नाही. वसुलीवाले सोडले तर माझं दार कोणी वाजवत नव्हतं.

म्हणून गुरुवार. हप्त्याचा धसका असायचा, पण मी आठवडाभर गुरुवारची वाट बघायचे. पहाटे उठून झाडायचे, माठ भरायचे, सतरंजी झटकून अंथरायचे. साहेब गेला की चहा व्हायचा. साखर माझी, दूध शेजारणीचं, चहापत्ती दोघी जावांची, आणि बोलणं वहिनीचं. कोणाची सून कशी, कोणत्या कंपनीत पोरांना ब्रेक दिला म्हणजे कामावरून घरी बसवलं, कोणाच्या पोरानं जमीन विकून काय धंदा केला. मी हसायचे. मला माझाच आवाज ओळखीचा वाटायचा. चहा संपला की त्या जायच्या आणि पुढच्या गुरुवारपर्यंत खोली परत माझी व्हायची.

पण कर्ज फेडायचं माझ्या डोक्यातून गेलं नाही. मला एकच गोष्ट हवी होती. एक तरी दिवस असा हवा होता की माझ्या सहीखाली कोणाचा पैसा नाही. दार वाजलं तर छातीत धस्स होऊ नये. टेम्पो त्याचा, पळून गेला तो, पण सही माझी होती, आणि ती मला परत हवी होती. पुढच्या गल्लीतला एक गट फिटला. मग दुसरा फिटला. शेवटी राहिला आमचा स्वतःचा.

शेवटच्या हप्त्याच्या दिवशी मी तुपातला शिरा केला. साहेबानं काही देणं नाही असा दाखला माझ्या हातात दिला, म्हणाला, "अभिनंदन ताई." वहिनीनं माझ्या पाठीवर थाप मारली. दोघी जावांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले होते, म्हणून साहेबानं बॅगेतून नवे फॉर्म काढलेले मला जरा उशिरा दिसले.

सगळ्याजणींचं कर्ज थोड्याफार फरकानं त्याच महिन्यात संपत होतं. आता पुढची फेरी, मागच्यापेक्षा मोठी रक्कम. शेजारणीला पिठाची घरगुती गिरणी घ्यायची होती. दळणाचे पैसे वाचतील, चाळीचं दळणही येईल. गिरणी कुठे ठेवायची ती जागासुद्धा तिनं विती टाकून मोजून ठेवली होती. वहिनीच्या घराचा जिना अर्धवट होता. पण गट पाचाचाच हवा. चौघींना कर्ज मिळत नाही.

"मला नको," मी म्हटलं.

वहिनीला वाटलं मी लाजते आहे. "आगं घे की, समदीच घेत्यात. न्हाई लागलं तर सोनं कर."

"नको वहिनी. मला परत सही करायची नाही."

 शिऱ्याच्या वाट्या हातात तशाच. मग वहिनी म्हणाली, "व्हय. गरज सरो, वैद्य मरो. तुजं बुडत हुतं तवा आमी धरलं, आन् आता तू काठाला लागलीस."

  ती खरं तेच बोलत होती.

संध्याकाळी शेजारीण आली. हातावर पीठ तसंच होतं. दारात उभं राहून म्हणाली, "मावशी, तुम्ही कर्ज घेऊ नका. पैसे मी घेते, हप्ते मी भरते. तुम्ही नुसती सही करा."

तिला ठाऊक नव्हतं की हे शब्द मी आधी ऐकलेत. तोच सूर, तेवढीच मान वाकडी. ती माझा नवरा नव्हती, हे मला कळत होतं. ती पळून जाणारी नव्हती. जिनं माझ्यासाठी धुरात पोळ्या भाजल्या, तिला नाही म्हणायला माझी जीभ धजावेना. पण जिभेच्या आधी मानच हलली. नाही.

ती पदरानं हात पुसत गेली. मी दार लावलं, दिवा लावला आणि दाखला देवाजवळ ठेवला. त्या रात्री मला आनंद व्हायला हवा होता. मी वाट बघत बसले, पण तो काही आला नाही.

माझ्यामुळे कोणाचं अडलं नाही. वरच्या खोलीत नव्यानं राहायला आलेली बाई पाचवी झाली. गट आता शेजारणीकडे बसायचं ठरलं. बुधवारी तिची हाक आली, "मावशी, सतरंजी नेऊ का? वर्गणीतली आहे ना." मी घडी घालून दिली. ती खरंच वर्गणीतली होती.

पहिल्या गुरुवारी मी सवयीनं पहाटे उठले, झाडलं, माठ भरला आणि मग काय करायचं ते सुचेना म्हणून परत झाडलं. आठ वाजता भिंतीपलीकडून प्रतिज्ञा ऐकू आली. माझे ओठ हलत होते. एकमेकींना साथ देऊ, इथपर्यंत आले आणि मी पातेलं घासायला घेतलं, खळखळ आवाज करत. नंतर चहाचा वास आला, वहिनीचं हसणं आलं. असे बरेच गुरुवार गेले. भेटलो तर आम्ही बोलायचो. "झालं का जेवण?" "झालं." कोणी भांडलं नाही. भांडलं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

शेजारणीची गिरणी आली. भिंतीतून तिची घरघर माझ्या खोलीत यायची, आणि मला बरं वाटायचं.

मग कंपन्यांतल्या ठेकेदारांनी पोरांना ब्रेक दिला. तिच्या मेसवर जेवणारी निम्मी पोरं एका आठवड्यात गावी गेली, काही पैसे बुडवून गेली. त्या गुरुवारी प्रतिज्ञा झाली आणि पुढे काहीच ऐकू येईना. ना चहाची भांडी, ना हसणं. ती शांतता मला ओळखीची होती. चार हप्ते सतरंजीवर आणि एक जागा रिकामी.

मी कणकेच्या डब्यामागून पैसे काढले. खरं सांगते, मला आनंद झाला. तिच्यावर वेळ आली याचा नव्हे. मला त्या खोलीत जायला कारण मिळालं याचा. इतक्या वर्षांत कुठल्याच कागदावर नसलेलं तेवढं एक देणं माझ्याकडे उरलं होतं, आणि ते द्यायचा दिवस उजाडला होता. मी चपला न घालताच गेले.

त्या पाचजणी तशाच बसलेल्या. शेजारीण मान खाली घालून सतरंजीकडे बघत होती. नवी बाई खुर्चीवरच्या साहेबाकडे बघत होती. मी वाकून नोटा शेजारणीपुढे ठेवल्या.

"नको मावशी," ती दचकून म्हणाली. "परत कधी देईन सांगता येत नाही."

"परत कशाला? तुझेच आहेत. सिलिंडरचे."

"कुठला सिलिंडर?"

ती खरंच आठवत होती. कपाळाला आठ्या घालून. मग एकदम हसली, त्या दिवसात पहिल्यांदा हसली असेल. "अहो, ते होय! ते तर मी तेव्हाच सोडून दिलं. ते काय देणं होतं का?"

तिनं नोटा गोळा केल्या, माझ्या हातात कोंबल्या आणि माझी मूठ मिटवली. तिचे हात गरम होते. वहिनीनं कमरेचा बटवा सोडला, तिच्या हप्त्याचे पैसे मोजून सतरंजीवर टाकले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ठिव तुज्यापाशी. अडीनडीला लागतील. तुज्यामागं कोन हाय? आमचं आमी बघतू."

आवाजात राग नव्हता. माया होती. राग असता तर मी तिथेच बसले असते.

साहेबानं पैसे मोजले, सही घेतली, हेल्मेट उचललं. पाचजणी उठल्या, पाय मोकळे केले. नव्या बाईनं साखरेचा डबा काढला. साखर आता तिची होती. मी दारातच उभी होते, मूठ तशीच मिटलेली. सतरंजीवर मी कुठे बसायचे ती जागा मला दिसत होती.

शेजारणीनं गॅस पेटवला आणि वळून विचारलं, "चहा घेता का मावशी?"

पाहुण्यांना विचारतात तसं.

"नको गं, आत्ताच झाला," मी म्हटलं. पाहुणे म्हणतात तसंच. आणि घरी आले. नऊसुद्धा वाजले नव्हते. सगळा गुरुवार अजून शिल्लक होता.